पूर्णेपासून निघालेला बाण

चंदा गेली हे मला बॅनरवरून कळलं.

दुपारची वेळ होती. दुकानात एक फवारणीचा पंप उघडून बसलो होतो. हात ग्रीसने भरलेले. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या छापखान्याचे मालक ओमप्रकाशजी यांचा फोन आला. माझी बायको चंदा सकाळी पुस्तकाचं प्रूफ घेऊन त्यांच्याकडेच गेली होती. ते म्हणाले, "शालिकभाऊ, मॅडम आल्या होत्या... जिन्यात जरा चक्कर आल्यासारखं झालं... आमी दवाखान्यात घेऊन आलो... तुमी निघा." मी शटर ओढलं आणि बस धरली. बडनेरा यायच्या आत फोनवर तिचा फोटो आला. तिच्या कॉलेजच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलेला, तिथून फिरत फिरत माझ्याकडे आलेला. भोवती गुलाबाच्या पाकळ्या, खाली पणती, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. खाली 'शोकाकुल' म्हणून ज्यांची नावं होती त्यांची अक्षरं तिच्या नावापेक्षा मोठी. शिक्षक संघटनेच्या अध्यक्षाने त्यात स्वतःचा गॉगल घातलेला फोटो टाकला होता.

शेजारच्या माणसाने माझ्या फोनमध्ये वाकून पाहिलं. "कोन होय जी?"

"बायको."

तो गडबडला. तोंडातला तंबाखूचा खर्रा खिडकीतून थुंकला आणि म्हणाला, "फोटो मस्त निंगाला."

तेव्हा जी शिसारी आली ती अजून गेलेली नाही.

चंदा अमरावतीच्या एका कॉलेजात मराठी आणि भाषाशास्त्र शिकवायची. मी कॉटन मार्केटजवळ फवारणीचे पंप दुरुस्त करतो. आम्हाला मूलबाळ नाही. तिच्या मागे जे राहिलं ते एक पुस्तक. पॉलिनेशियन भाषांची वाक्यरचना, मराठीतून. न्यूझीलंड, सामोआ, टोंगा, हवाई, तिकडच्या बेटांवर माणसं जे बोलतात त्याचं व्याकरण. नोकरी लागल्यावर कुठल्याशा शिबिरात एका सरांनी सोडवायला माओरी भाषेची वाक्यं दिली होती. बाकीच्यांनी कागद तिथेच ठेवले. ही घेऊन आली आणि जन्मभर त्यातच राहिली.

लोक तिला विचारायचे, "मॅडम, याचा उपयोग काय?" ती म्हणायची, "आपलं घर कसं हाय ते दुसऱ्याच्या घरात गेल्यावर समजते."

सुट्टीच्या दिवशी ती दुकानात येऊन बसायची आणि लिहिलेलं मला वाचून दाखवायची. मी आपला पंपाचा वायसर, म्हणजे वॉशर, बदलत ऐकायचो. माझ्यासारख्याला समजलं तर पोरांना समजेल, असा तिचा हिशेब. तिकडे क्रियापद वाक्यात आधी येतं, असं ती सांगायची. गेला, मग कोण ते. खाल्लं, मग कोणी ते. आपल्याकडे सगळी वरात पुढे जाते आणि क्रियापद मागून येतं. क्रियापदाचं रूप काळाप्रमाणे बदलत नाही, त्याच्या आधी एक छोटा शब्द येतो आणि तो सांगतो की झालं, होऊन राहिलं की होणार. मी म्हटलं, "म्हन्जे पंप तोच, नोझल बदलते." तिने ते लगेच लिहून घेतलं. छापीन म्हणाली.

एकदा म्हणाली, "माओरीत 'माझं' दोन परकारचं राह्यते. एक 'आ'वालं, एक 'ओ'वालं. जे आपल्या हातानं चालते ते 'आ'. तुहा पंप, पाना, पोरंबाळं. जे आपल्याले सांभाळते नाई तं आपल्या वरचं हाय ते 'ओ'. घर, मायबाप."

"अन् बायको?"

"'आ'वाली. तुह्या हाताखालची."

"कोन सांगते? कोन्या घरात?"

"थांब ना. नवराई 'आ'वालाच. दोघंई एकमेकाच्या हाताखाली." मग कागद पाहून म्हणाली, "पन प्याचं पानी 'ओ'त येते. अन् औषध."

"ते बराबर हाय," मी म्हटलं. "पान्यावर कोनाची चालते?"

ही वाक्यं तिला एका बाईने दिली होती. नगाइरे नाव. न्यूझीलंडची, माओरी, निवृत्त शिक्षिका. दर रविवारी सकाळी संगणकावर दोघी बोलायच्या. पुस्तकातलं माओरीचं प्रत्येक वाक्य नगाइरेबाईने तपासून दिलेलं. तिने एकच गोष्ट मागितली होती. चंदाने ती मला त्याच दिवशी सांगितली. बाई म्हणाली होती, आमचे लोक कुठून आले, कोणाचे कोण, हे बाहेरच्या माणसांनी येऊन आम्हाला फार सांगितलं. माझी वाक्यं घे, पण त्यांच्यावरून आमच्याबद्दल भलतंसलतं कोणी सांगायचं नाही. चंदाने शब्द दिला.

त्यासाठी तिने चौथ्या प्रकरणाच्या शेवटी एक भाग मुद्दाम लिहिला. मराठीत 'आपण' आणि 'आम्ही' असे दोन शब्द आहेत. एकात समोरचा धरलेला असतो, दुसऱ्यात नसतो. पॉलिनेशियन भाषांतही तसंच आहे. वर तिकडे 'आपण दोघं' आणि 'आपण सगळे' यांनाही वेगळे शब्द. हे वाचून कोणी म्हणेल की मराठी आणि माओरी बहिणी आहेत, तर तसं नाही, असं तिने लिहिलं. जगात पुष्कळ भाषांत हे आहे. मराठीने ते दक्षिणेकडच्या शेजारच्या भाषांकडून घेतलं असावं. आणि ती बेटांवरची माणसं तैवानच्या बाजूने समुद्रातून पसरत गेली, आपल्याकडून नाही. पुढे तिचं वाक्य होतं : 'दर्यापूरच्या बाजारात दोन माणसांच्या अंगात एकाच रंगाचा सदरा दिसला म्हणून ते भाऊ होत नाहीत.' हे तिने मला इतक्या वेळा वाचून दाखवलं की एकदा मी म्हटलं, पुरे वं, समजलं, नाहीत भाऊ.

ती गेल्यावर कॉलेजात शोकसभा झाली. दोन मिनिटं उभं राहायचं होतं, त्यात दोघांचे फोन वाजले. एकाने तो घेतला. एक प्राध्यापक बोलले की चंदाताईंनी 'पोलंडच्या भाषेवर' मोलाचं काम केलं. कोणी दुरुस्त केलं नाही. माझ्या शेजारी तिची विद्यार्थिनी दामिनी बसली होती. ती ओढणी तोंडात कोंबून रडत होती की हसत होती ते मला कळलं नाही.

नगाइरेबाईला दामिनीनेच कळवलं, त्याच आठवड्यात, इंग्रजीतून. मला संगणकापुढे बसवलं. बाई उभी राहिली आणि म्हातारीच्या आवाजात गायला लागली. रडणं आणि गाणं एकच. आपल्याकडे पूर्वी गावात बायका नाव घेऊन रडायच्या तसं. मला त्यातला 'चंदा' एवढाच शब्द समजला. तेवढ्या दिवसांत जेवढी माणसं भेटायला आली, त्यांत त्या एका बाईचा मला वीट आला नाही. शेवटी ती दामिनीला म्हणाली, पुस्तक निघालं की मला पाठवा. वाचता येणार नाही, पण घरात ठेवीन.

पुस्तक गेलं खुशालरावांकडे. खुशालराव चंदाचे थोरले भाऊ. अंजनगाव सुर्जीला शाळेत मास्तर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक इतिहास मंडळ काढलं. अध्यक्ष तेच. तेरवीच्या दिवशी माहेरची माणसं नवऱ्याला टोपी-दुपट्टा घालतात. त्या वेळी नवऱ्याने मान खाली घालून बसायचं असतं, बोलायचं नसतं, जे घालतील ते घालून घ्यायचं. खुशालरावांनी माझ्या खांद्यावर दुपट्टा टाकला आणि सगळ्या सोयऱ्यांसमोर मोठ्याने म्हणाले, "माह्या बहिनीचं पुस्तक आता मी काढतो. वरिसाच्या दिवशी प्रकाशन. जवाईबापूची ना नाई." माझी मान खालीच होती. बायांनी डोळ्याला पदर लावला. माहेरच्याने मागितलं आणि तेरवीत कोणी नाही म्हटलं, असं आमच्याकडे झालेलं नाही.

वर्षभर मी विचारत राहिलो. ते म्हणायचे, चाललं आहे. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळी एका जीपवाल्याने दुकानात पुस्तकांचे गठ्ठे आणून टाकले.

मुखपृष्ठावर चंदाचा फोटो होता. तोच, बॅनरवरचा. पाकळ्या कापायच्या राहिल्या होत्या. आत पहिल्यांदा शुभेच्छा. खताचं दुकान, पतसंस्था, एक नगरसेवक हात जोडून. त्यानंतर खुशालरावांची प्रस्तावना आणि तिच्यात एक नकाशा. नकाशात आपली पूर्णा नदी जाड निळ्या रेघेने काढलेली. तिथून एक लाल बाण निघाला होता. पूर्णेतून तापीत, तापीतून समुद्रात, समुद्रातून भारताला वळसा घालून थेट न्यूझीलंडपर्यंत. खाली लिहिलं होतं : 'आपले वऱ्हाडी पूर्वज नावा घेऊन याच मार्गाने गेले. आपण आणि आम्ही हा भेद आजही माओरी बांधव जपून आहेत, हा माझ्या दिवंगत भगिनीने शोधलेला निर्णायक पुरावा होय.'

मी चौथं प्रकरण काढलं. शेवटचा भाग नव्हता. दर्यापूरचा बाजार नव्हता. जिथे 'पंप तोच राहतो, नोझल बदलतं' असायला हवं होतं तिथे छापलं होतं, 'ज्याप्रमाणे एकच दिनमणी विविध प्रहरी विविध शोभा धारण करतो.'

मला दुकानाच्या मागे जाऊन उलटी झाली. पंपाच्या औषधाचा वास इतकी वर्षं घेतो आहे, त्याने कधी झाली नव्हती.

तसाच दर्यापूरवरून अंजनगावला गेलो. खुशालराव ओसरीत पाहुण्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या खुर्च्यांना लावायसाठी कापत बसले होते.

"या या जवाईबापू. पुस्तक पाह्यलं? कसं झालं?"

"दादा, हे पूर्णा नदीचं काय होय?"

"प्रस्तावना होय."

"चंदानं असं कधीच नाई म्हटलं."

"चंदानं पुरावा जमवला. त्यातून अर्थ काढाले छाती लागते. ते पोरगी लहानपनापासून भेकड."

"भेकड नाई. असं समजू नका म्हनून तिनं लिहून ठेवलं होतं. तो भाग कुठी हाय?"

"काढला. सारं दुकान मांडाचं अन् शेवटी म्हनाचं का, बापा, विकाचं काईच नाई? असं पुस्तक राह्यते काय?"

"अन् तिनं त्या बाईले शब्द देला होता त्याचं?"

"कोन बाई?"

"नगाइरेबाई. वाक्यं देली तिनं."

ते हसले. "ते का मराठी वाचनार हाय? अन् वाचलं तरी खुशच होईन. आपलं मूळ वऱ्हाडात सापडलं, कोनाले आनंद नाई होनार?"

"दादा, उद्या कोनी म्हटलं का तुमचे आजे-पंजे त्या बेटावरून आले, तं चालन तुमाले?"

"तसा पुरावा नाई," खुशालराव म्हणाले आणि पुढची चिठ्ठी कापली. "तुमी पंप पाहा, जवाईबापू. उद्या आमदार साहेब येऊन राह्यले. पांढरा सदरा घालून या."

त्यांची बायको पार्बताबाई चहा घेऊन आली. "घ्या जी भाऊजी. रागारागानं पित्त होते." मी चहा घेतला नाही. एवढंच केलं.

कार्यक्रमाला हॉल भरला होता. आमदार आलेच नाहीत, त्यांचा माणूस आला. तो बोलला की न्यूझीलंडची क्रिकेट टीम आता आपलीच समजायला हरकत नाही. टाळ्या. खुशालराव बोलले. नकाशा पडद्यावर मोठा करून दाखवला. बाण पूर्णेतून निघून पुढे सरकत जाईल असं कोणाकडून तरी करून घेतलं होतं. बाण न्यूझीलंडला लागला तेव्हा लोकांनी शिट्ट्या मारल्या. मग माझ्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि दोन शब्द बोला म्हणाले.

मी म्हटलं, "हे चंदाचं नाही. तिने उलट लिहिलं होतं. तिचं पान काढून टाकलं आणि..."

माझा आवाज फुटला. तिथेच सगळं गेलं. खाली बायका हळहळल्या. कोणी म्हणालं, "बसवा हो त्यायले, सहन होऊन नाई राह्यलं." निवेदकाने माइक माझ्या हातून मायेने काढून घेतला. "भावना अनावर झाल्या आहेत," तो म्हणाला आणि टाळ्या मागितल्या. टाळ्या मिळाल्या. खुशालरावांनी सगळ्यांसमोर मला छातीशी धरलं. त्यांच्या सदऱ्याला अत्तर होतं. तो वास मी शाल धुतल्यावरही तिला येत राहिला, शेवटी ती पंप पुसायला घेतली.

बाहेर आलूबोंडे होते. लोकांनी फुकट मिळालेलं पुस्तक ताटलीखाली धरलं होतं. चंदाच्या कपाळावर तेलाचा डाग पडत होता. एका बाईने माझ्याकडे येऊन विचारलं, "भाऊ, पुस्तक चांगलं हाय. पन यातून आपल्याले तिकडचा व्हिसा मिळन का?" ती थट्टा करत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी अकोल्याला गेलो. मोर्णा ओलांडून जुन्या शहरात, त्याच छापखान्यात. जिना तोच. तिथून चढताना मी कठड्याला हात लावला नाही.

ओमप्रकाशजी मला पाहून उठले. "भाऊ, तुमी मले मारलं तरी चालन. गुरुजी आले, म्हने सख्खा भाऊ हाव. काढा म्हटलं, काढलं. छापनाऱ्याले अक्कल चालवता येत नाई."

"तिचं मूळचं राह्यलं का कुठी?"

"हाय ना. मॅडमची फाईल मी कायले मिटवू? मी गिऱ्हाइकाची लगनपत्रिका नाई मिटवत, लग्न मोडलं तरी." त्यांनी संगणकावर काढून दाखवली. शेवटचा भाग होता. सदरे होते, बाजार होता. नोझल होतं. मी ते तिथे उभ्याने वाचलं. ओमप्रकाशजी तोंड फिरवून शाई ढवळत राहिले.

त्यांनी तो भाग सुट्या पानांवर छापून दिला. सोबत एक चिठ्ठी : 'या पुस्तकातील प्रस्तावना व नकाशा लेखिकेचा नाही. चौथ्या प्रकरणाचा वगळलेला शेवट येथे जोडला आहे.' चिठ्ठीचे शब्द दामिनीचे. मी सांगितलेले त्याहून वाईट होते, ते तिने घेतले नाहीत.

दुकानात उरलेल्या गठ्ठ्यांतल्या प्रती मी दुरुस्त केल्या. नळीचं रबर कापतो त्याच ब्लेडने प्रस्तावना काढायची, नकाशा काढायचा, पानं चिकटवायची. गिऱ्हाईक विचारायचं, "काय करून राह्यले जी?" मी म्हणायचो, "वायसर बदलून राह्यलो."

वाटलेल्या प्रतींमागेही फिरलो. काहींनी दिल्या. काहींना पुस्तक कुठे ठेवलं ते आठवेना. एकाने ते चुलीपाशी पेटवायला ठेवलं होतं. तेवढी एक प्रत माझ्या मनाप्रमाणे झाली. दर्यापूरच्या वाचनालयात दोन प्रती काचेच्या कपाटात लावल्या होत्या, नकाशाचं पान उघडून. तिथला माणूस म्हणाला, "काका, दाखल झालेल्या पुस्तकाचं पान कापता येत नाई. अन् लोकायले हे आवडून राह्यलं. गावाची इज्जत हाय."

मग दामिनी एक दिवस दुकानात आली ती उभीच राहिली. बाण पुढे सरकतो तो कार्यक्रमातला तुकडा कोणीतरी इंटरनेटवर चढवला होता. त्याखाली इंग्रजीत लिहिलं होतं की भारतातल्या विदुषीने सिद्ध केलं, माओरी मूळचे वऱ्हाडी. वर चंदाचं नाव, चंदाचा फोटो, पाकळ्यांसकट. हजारोंनी पाहिला होता. त्याखाली न्यूझीलंडच्या कोणीतरी शिवी दिली होती. चंदाला. दामिनीने ती मला वाचून दाखवली नाही. मी विचारलं, तेव्हा फोन पर्समध्ये टाकला.

"काका, नगाइरे मॅडमपर्यंत हे पोचनारच. आपन आधी सांगू. तुमी बोला, मी इंग्रजीत लिहीन."

"काय सांगू?"

"जे झालं ते."

जे झालं ते सांगायचं तर सांगावं लागतं की तिच्या सख्ख्या भावाने केलं, माझ्या खांद्यावर दुपट्टा टाकून केलं आणि हॉलभर माणसांनी टाळ्या वाजवल्या. ती बाई चंदाला ओळखत होती. चंदाच्या माणसांना ओळखत नव्हती. आता आमची ओळख होईल ती अशी.

दामिनी दोन रविवार येऊन संगणक लावून बसली, मी पंप उघडून बसलो आणि ती परत गेली. तिसऱ्या रविवारी तिची परीक्षा होती.

खुशालराव आता दुसरी आवृत्ती काढणार आहेत असं ऐकतो. ओमप्रकाशजींनी छापायला नाही म्हटलं, म्हणून अमरावतीत दुसरा छापखाना पाहिला आहे. खुशालरावांना मी त्यानंतर भेटलेलो नाही. सामोआच्या भाषेवर चंदाला पुढे आणखी एक प्रकरण लिहायचं होतं, ते आता कोणी लिहिणार नाही. दुरुस्त केलेली एक प्रत कापडात बांधून दुकानाच्या फळीवर ठेवली आहे, नगाइरेबाईसाठी. ती अजून पाठवलेली नाही. तिला काही कळवलेलंही नाही.